पत्राखाली नाव कोणाचे?

मे महिन्यातला रविवार होता. चंद्रपूरचे ऊन म्हणजे काय हे इथल्यांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. जोहरची नमाज झाली, कूलरमध्ये पाणी ओतले आणि जरा पाठ टेकणार तोच दार वाजले. दारात माझी एक जुनी विद्यार्थिनी उभी होती. चेहरा उन्हाने लाल झालेला आणि छातीशी एक निळी फाइल धरलेली.

ती आमच्या उर्दू शाळेत दहावीपर्यंत होती. आमच्याकडे बहुतेक मुलींना मराठी हा विषय ओझे वाटतो. घरात हिंदी-उर्दू, वर्गात उर्दू, मराठी फक्त बाजारात आणि माझ्या तासाला. हिचे मात्र उलटे. निबंधात बेताची, व्याकरणात कच्ची, पण उपयोजित लेखनात हिचा हात धरणारे कोणी नव्हते. तक्रारपत्र, विनंतीपत्र, बातमी, जाहिरात, जे सांगाल ते पाच मिनिटांत तयार. पुढे बी.ए. झाली, नागपूरला जाऊन पत्रकारितेची पदवी घेतली आणि आमच्याच भागातल्या एका खासगी खाण कंपनीत जनसंपर्क सहायक म्हणून लागली. तिच्या अब्बांचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पगार जमा होणारे त्या घरातले हे पहिले माणूस. मिठाईचा डबा माझ्या घरीही आला होता.

फाइल उघडून तिने मला एक यादी दाखवली. बचत गटाची अध्यक्षा, बेरोजगार तरुण, दोन एकरांचा शेतकरी, भूमिहीन मजूर, दुकानदार, निवृत्त शिक्षक, अशी बारा माणसे. खाणीच्या विस्तारासाठी तीन आठवड्यांनी जनसुनावणी होती आणि या बारा जणांची पाठिंब्याची निवेदने तिने लिहायची होती. प्रत्येकाची भाषा वेगळी हवी, आणि खरी वाटावीत म्हणून प्रत्येकात शुद्धलेखनाच्या एक-दोन चुकाही मुद्दाम ठेवायच्या. सह्या आणि अंगठे गावातून नंतर घेतले जातील, असे साहेबांनी सांगितले होते.

“मॅडम, मी दोन लिहिली. तिसऱ्याला हात थांबला,” ती म्हणाली. मग जरा अडखळत, “पण शाळेत तर आपण हेच लिहायचो ना?”

खरेच, तेच तर लिहायचो. ‘तुम्ही अमुक गावचे रहिवासी आहात, असे समजून पाणीपुरवठा अधिकाऱ्यांना पत्र लिहा.’ वीस वर्षे मी मुलांना हे करायला लावते आहे. बोर्डाच्या परीक्षेत तर आपले खरे नाव लिहायलाच मनाई असते, खोटे नाव लिहिणाऱ्यालाच गुण मिळतात. त्या क्षणी मला काही सुचले नाही. मी उठून तिच्यासाठी सरबत करायला गेले, कारण स्वयंपाकघरात थोडा वेळ मिळतो.

तिथे लिंबू पिळताना उत्तर सापडले, ते इतके साधे होते. शाळेतल्या पत्रात लिहिणाऱ्याला ठाऊक असते की नाव कल्पित आहे आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक असते. फसले जाणारे तिथे कोणी नाही. या बारा पत्रांत मात्र तपासणाऱ्याला ते कळू नये, एवढ्याचसाठी तिला पगार मिळणार होता.

जनसंपर्क हा धंदाच खोटेपणाचा, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे ‘पीआरओ’ म्हटले की इस्त्रीचे कपडे आणि गोड बोलणे एवढेच डोळ्यांसमोर येते, पण काम त्यापेक्षा मोठे आहे. एखादी संस्था आणि तिच्याशी संबंध येणारी माणसे यांच्यात बोलणे चालू ठेवायचे, इकडची बाजू तिकडे आणि तिकडची इकडे पोहोचवायची. जिल्हा माहिती कार्यालय हेच करते. त्यांच्या खात्याचा ‘लोकराज्य’ मराठीबरोबर उर्दूतही निघत आला आहे आणि तो सरकारचा आहे हे मुखपृष्ठावरच लिहिलेले असते. पोलिओचे दिवस आठवा. उत्तर भारतातल्या किती मोहल्ल्यांत त्या दोन थेंबांबद्दल अफवा होत्या! तिथे इमाम, मदरशांतले शिक्षक, मोहल्ल्यातल्या बायका स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या नावाने बोलल्या, तेव्हा दारे उघडली. जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडलेला रुग्ण देशातला शेवटचा ठरला. तोही जनसंपर्कच होता. फरक एवढाच की बोलणारा कोण हे ऐकणाऱ्याला माहीत होते.

या व्यवसायाची आचारसंहिता जिथून सुरू झाली ती जागा ऐकून चंद्रपूरकरांना गंमत वाटेल. ती आहे कोळशाची खाण. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९०६ साली कोळसा कामगारांच्या संपाचे वारे होते. खाणमालकांनी आयव्ही ली नावाच्या एका माजी वार्ताहराला हाताशी धरले. त्याने वर्तमानपत्रांना एक लहानसे निवेदन पाठवले. त्याचा आशय असा: आमचे काम उघड आहे, आम्ही कोणाच्या वतीने बोलतो ते लपवत नाही, दिलेली माहिती कोणत्याही संपादकाने तपासून पाहावी, त्यासाठी आम्हीच मदत करू. तोवर मालक पत्रकारांना दारातही उभे करत नसत, त्यामुळे हे नवेच होते. आजही जनसंपर्काच्या अभ्यासक्रमात हे निवेदन शिकवतात. माझ्या विद्यार्थिनीनेही ते पाठ केले होते, नागपूरच्या परीक्षेसाठी.

तिच्या पुस्तकात पुढची आठ वर्षे दोन ओळींत उरकली होती. मला मात्र तीच जास्त महत्त्वाची वाटतात. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपकरी खाण कामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर सैनिकांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी हल्ला केला. तंबू पेटले. एका तंबूखाली खोदलेल्या खड्ड्यात जीव वाचवायला लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुले गुदमरून मेली. खाण कंपनीची सूत्रे रॉकफेलर कुटुंबाच्या हातात होती. लोकांचा संताप उसळला, तेव्हा कंपनीची बाजू मांडायला त्यांनी कोणाला नेमले? त्याच आयव्ही लीला. त्याने देशभर पत्रके पाठवली. कामगार पुढारी किती पैसे खातात हे दाखवायला एका पुढाऱ्याचा वर्षभराचा पगार नऊ आठवड्यांचा म्हणून छापला गेला. पुढे सरकारी आयोगाने विचारले, ही माहिती तुम्ही तपासली होती का? कंपनीने दिली ती मी छापली, असे त्याचे सांगणे होते. ‘तपासून पाहा’ असे जगाला सांगणाऱ्या माणसाने स्वतः मात्र तपासले नव्हते. अप्टन सिंक्लेअर या लेखकाने त्याच्या नावावर कोटी करून त्याला एका विषारी वेलीचे नाव ठेवले, ते मरेपर्यंत चिकटले.

म्हणून पुढे या व्यवसायातल्या लोकांनाच वाटू लागले की एकेकट्याच्या शब्दावर भागणार नाही, सगळ्यांना मिळून नियम हवेत. १२ मे १९६५ रोजी अथेन्समध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एक संहिता स्वीकारली. ती लिहिणारे फ्रेंच गृहस्थ लुसियाँ मात्रा यांनी तिचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर घातला. तेरा कलमे आहेत. सत्याला दुसऱ्या कोणत्याही गरजेपुढे दुय्यम ठरवायचे नाही. ज्याचा पडताळा करता येत नाही अशी माहिती पसरवायची नाही. माणसाच्या मनावर त्याच्या नकळत ताबा मिळवणारी साधने वापरायची नाहीत. माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशा कामात सामील व्हायचे नाही. आणि मला सर्वांत जड वाटते ते कलम: आपण ज्याचे मीठ खातो त्याचे हित आणि ज्यांच्याशी बोलतो त्या लोकांचे हित, दोन्ही सांभाळायचे. एप्रिल १९६८ मध्ये तेहरानच्या बैठकीत तिच्यात थोडी दुरुस्ती झाली आणि त्याच महिन्यात, २१ एप्रिलला, दिल्लीच्या परिषदेत भारतातल्या जनसंपर्क व्यावसायिकांच्या संस्थेने ती आपली म्हणून स्वीकारली. ही संस्था १९५८ पासूनची, पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया. २१ एप्रिल हा दिवस तेव्हापासूनच्या आठवणीत राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतात.

मी हे सगळे वाचले ते त्या रविवारनंतर, तिच्याच पुस्तकांतून. वाचून प्रथम हायसे वाटले आणि मग एक अडचण लक्षात आली. डॉक्टरने भलतेच केले तर वैद्यकीय परिषद त्याची नोंदणी काढून घेऊ शकते. वकिलाची सनद जाते. मलासुद्धा बी.एड. आणि नियुक्तीची मान्यता असल्याशिवाय वर्गात उभे राहता येत नाही. जनसंपर्काचे तसे नाही. त्यासाठी सनद लागत नाही. संस्थेचे सभासद होणे ऐच्छिक आहे, आणि जो सभासदच नाही त्याला ती काढून टाकणार कुठून? माझ्या विद्यार्थिनीचे साहेब असेच होते. त्यांनी संहितेचे नाव ऐकले नव्हते असे नाही. ते तिला म्हणाले, “तुझा पगार ती सोसायटी देते का?”

संहिता अगदीच दात नसलेली आहे असेही नाही. लंडनच्या बेल पॉटिंजर या बड्या कंपनीची हकिकत अलीकडची आहे. आपल्या सहारनपूरहून दक्षिण आफ्रिकेत जाऊन गडगंज झालेल्या गुप्ता बंधूंच्या उद्योगासाठी तिने तिथे एक मोहीम चालवली. सरकारशी असलेल्या गुप्तांच्या लागेबांध्यांची चर्चा मागे पडावी म्हणून काळ्या-गोऱ्यांमधली जुनी जखम पुन्हा खाजवली गेली. तिथल्या लोकांनी तक्रार केली. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या जनसंपर्क संघटनेने तिला पाच वर्षांसाठी बाहेर काढले, ग्राहक पटापट सोडून गेले आणि काही दिवसांतच कंपनी बुडाली. पैसे घेऊन दोन समाजांत आग लावणारे लोक आपल्याही देशात कमी नाहीत, हे वाचकांना मी सांगायला नको. पण तिथे एवढे झाले ते कोणीतरी नाव घेऊन लेखी तक्रार केली म्हणून.

आता पुन्हा त्या बारा पत्रांकडे येते. ती वाचताना मला सारखी एक मुलगी आठवत होती. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या मोहल्ल्यातली तीन-चार घरे चिंतेत होती, कारण त्यांची माणसे कुवेतला अडकली होती. त्याच महिन्यात, १० ऑक्टोबरला, वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या एका गटापुढे पंधरा वर्षांची एक मुलगी रडत रडत साक्ष देत होती. नाव फक्त नयिरा. इराकी सैनिकांनी कुवेतच्या इस्पितळात काचेच्या पेटीतली तान्ही बाळे बाहेर काढून थंड फरशीवर मरायला टाकली, हे आपण डोळ्यांनी पाहिले, असे तिने सांगितले. जगभर ते दाखवले गेले. अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी युद्धाच्या समर्थनात ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. १९९२ च्या जानेवारीत उघड झाले की ही मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची कन्या होती आणि त्या साक्षीमागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती. तिला काम देणारी ‘मुक्त कुवेतसाठी नागरिक’ ही संघटना जवळपास सगळी कुवेत सरकारच्याच पैशावर चालत होती. बाळांच्या त्या गोष्टीला नंतर पुरावा मिळाला नाही. कुवेतवर आक्रमण झाले होते आणि तिथे जुलूमही झाले होते, हे खोटे नाही. तरीही साक्षीदार कोणाची कोण हे लपवून ठेवले गेले आणि युद्धाच्या बाजूने एक साक्ष उभी राहिली. हे सगळे ऐकल्यावर तिचे अब्बा एवढेच म्हणाले, “म्हणजे गवाही विकत घेतली.” त्यांना तेरा कलमे सांगायची गरज पडली नाही.

हे अमेरिकेतच घडते असे समजू नये. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या महाराष्ट्रात तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कौतुकाचे लेख निरनिराळ्या मराठी दैनिकांत आले. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच लेख, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावाने छापलेला होता. आपण पैसे दिले नाहीत असे चव्हाणांचे म्हणणे होते आणि आपण घेतले नाहीत असे दैनिकांचे. प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेले. जुलै २०१४ मध्ये आयोगाने खर्चाचा हिशेब नीट दिला नाही असा ठपका ठेवला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. कायद्याने तिथे विषय संपला. वाचकाला पडलेला प्रश्न मात्र उरतो: एक लेख वेगवेगळ्या माणसांनी सारखा कसा लिहिला?

हे वाचल्यापासून मी नववीच्या वर्गात एक खेळ घेते. आठवड्याची रद्दी आणायची आणि बातमीसारख्या दिसणाऱ्या मजकुरात कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ हा शब्द शोधायचा. ज्याला जास्त सापडतील त्याला पेन. मागच्या वर्षी एका मुलाने विचारले, “जाहिरातच आहे तर मोठ्या अक्षरांत का नाही लिहीत?” मी त्याला पेन देऊन टाकले.

तर, जनसुनावणी. हा शब्द आमच्या दोन्ही जिल्ह्यांत पोराबाळांनाही माहीत आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीला किंवा कारखान्याला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जागेवर किंवा जवळपास लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते, जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो. निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यायची आणि जिथे पेपर पोहोचत नाही तिथे दवंडी पिटवायची, असेही त्यात लिहिले आहे. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवायचा. हजर असलेल्या प्रत्येकाला विचारायची संधी द्यायची. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे. लेखी निवेदनेही मोजली जातात, म्हणून तर ती बारा पत्रे.

एक गोष्ट मात्र त्यात नाही: किती लोक हजर असावेत याला मर्यादा नाही. पाच माणसे आली तरी सुनावणी झाली. मे महिन्यात आमच्याकडची गावे तेंदूपत्त्याला जंगलात असतात. पहाटे तीन-चारला निघायचे, पाने तोडायची, दुपारी घरी बसून पुडके बांधायचे, संध्याकाळी फडीवर नेऊन मोजून द्यायचे. वर्षाच्या रोकडीचे ते दिवस. त्या दिवसांत सकाळी अकराला मांडवात कोण येऊन बसणार? ही तारीख मुद्दाम निवडली होती असे मी म्हणत नाही. पण तिच्या साहेबांनी त्या तारखेबद्दल समाधान व्यक्त केले होते, असे ती म्हणाली.

आणि स्थानिक भाषा म्हणजे कोणती? हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा, कारण दोन भाषांमध्ये पूल बांधणे हेच माझे रोजचे काम. गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे माडिया बोलतात, सिरोंच्याला तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, चामोर्शी-मुलचेराकडच्या वसाहतींत बंगाली. ‘स्फोटामुळे होणारी भूकंपने अनुज्ञेय मर्यादेत राहतील’ हे वाक्य मलाच दोनदा वाचावे लागले. जनसंपर्क अधिकाऱ्याचे खरे काम इथे आहे. विहिरीचे पाणी किती हात खाली जाईल आणि सुरुंग दिवसातून किती वेळा, कोणत्या वेळी उडेल, हे त्या बाईला तिच्या बोलीत समजावून सांगणे. पण त्यासाठी कोणी पगार वाढवून देत नाही.

मी खाणीच्या विरोधात नाही, हेही सांगून टाकते. वेकोलिच्या पगारावर आमच्या किती घरांत मुलांची शिक्षणे झाली, किती जणींची लग्ने झाली. माझा स्वतःचा मामा भूमिगत खाणीत होता. आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची मोजणी केली तेव्हा ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर चौथे आले, तेही याच घरांच्या अंगणात. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवरून हात फिरवला की आम्हाला तो अहवाल वाचावा लागत नाही. त्याच वर्षी ताडोबाजवळ लोहाऱ्याला कोळसा खाण येणार होती. चंद्रपूरकर उठले, इको-प्रोचे बंडू धोतरे उपोषणाला बसले आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्या प्रकल्पाला दिलेली प्राथमिक संमती मागे घेतली. म्हणजे लोकांच्या बोलण्याला वजन असते. वजन असते म्हणूनच तर कोणाला ते बनावट तयार करावेसे वाटते. ज्याची किंमत नाही त्याची नक्कल कोण करतो?

कंपनीला आपली बाजू मांडायचा हक्क आहेच. रोजगार देऊ, रस्ता करू, दवाखाना काढू, हे तिने छाती ठोकून सांगावे. ते तिने स्वतःच्या नावाने सांगावे, एवढीच अट. बचत गटाच्या अध्यक्षेला खाण हवी असेल तर तीही म्हणेल, तिच्या तोंडाने. कदाचित तिला रस्ता हवा असेल आणि सुरुंग नको असेल. बारा पत्रांत असे ‘हो, पण’ म्हणणारे एकही नव्हते. खरी माणसे बहुतेक ‘हो, पण’ असेच बोलतात. माझ्या नजरेला तीच खूण आधी दिसली, शुद्धलेखनाच्या चुका नंतर.

त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून एक अर्ज लिहिला. तिच्या साहेबांच्या नावे, एका पानाचा. गावकऱ्यांच्या नावाने मी मजकूर लिहू शकत नाही. त्याऐवजी कंपनीच्या नावाने सोप्या मराठीत चार पानी पत्रक करून देते. त्यात नोकऱ्या किती, कायम किती, कंत्राटी किती, पाणी, धूळ आणि सुरुंग यांची माहिती अहवालात आहे तशी असेल. ज्यांना निवेदन द्यायचे आहे त्यांनी तोंडी सांगावे, मी उतरून घेईन, वाचून दाखवीन आणि मगच सही घेईन. खाली तिने संहितेतली दोन कलमे थोडक्यात लिहिली. मी ती खोडायला सांगत होते, साहेब चिडतील म्हणून. तिने खोडली नाहीत. आणि शेवटी आपले पूर्ण नाव लिहून सही केली.

घरी तिच्या अम्मीची बोलणी बसली. दुकानात नवे यंत्र घ्यायला घेतलेल्या कर्जाचा हप्ता हिच्याच पगारातून जातो. “मोठे लोक मोठ्यांशी बघून घेतील, तुला काय पडले?” असे त्या म्हणाल्या आणि एका आईचे ते म्हणणे मला चूक वाटत नाही. अब्बा दोन दिवस काही बोललेच नाहीत.

अर्जाला उत्तर आले नाही. निळी फाइल साहेबांनी परत मागून घेतली. सुनावणीच्या दिवशी तिला मांडवाबाहेर पाण्याच्या कॅनपाशी उभे केले होते. पुढे इतिवृत्त प्रसिद्ध झाले, ते तिने मला दाखवायला आणले. सोबत जोडलेल्या लेखी निवेदनांच्या यादीत पाठिंब्याची बारा नावे होती. बचत गटाची अध्यक्षा पहिली.

तिला कामावरून काढले नाही. जनसंपर्कातून उचलून वृक्षारोपणाच्या नोंदवहीवर बसवले. पगार तेवढाच, खुर्ची मात्र गोदामाशेजारी. गेल्या महिन्यात रात्री नऊला तिचा फोन आला.

“मॅडम, वार्षिक अहवालात झाडांचा आकडा द्यायचाय. किती लावली ते लिहायचं की किती जगली ते?”

“वहीत काय आहे?”

“वहीत फक्त लावलेली आहेत. जगलेली कोणी मोजलीच नाहीत.”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मोजायला गेली. पाऊस लागला, नाल्याला पूर आला, अर्ध्या वाटेवरून परतली. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. या वेळी अब्बा दुकान बंद ठेवून सोबत येणार आहेत म्हणे, मोजायला चुना घेऊन.